शांत गल्लीतली बस

आमच्या भिंतीवरच्या घड्याळाचा सेकंदकाटा प्रत्येक ठोक्याला दोन आवाज करतो. एक पुढे सरकण्याचा आणि त्याच्या पाठोपाठ दुसरा, फार बारीक, काटा जागेवर थरथरून स्थिर होण्याचा. काटा वर चढत असताना हा दुसरा आवाज जरा ठळक असतो, खाली उतरताना जवळजवळ विरून जातो. जुन्या घरात हे घड्याळ कित्येक वर्षं आमच्या डोक्यावर होतं. त्याला आवाज आहे हे आम्हाला इथे राहायला आल्यावर कळलं.

मला त्याचा फार आनंद झाला होता. मी कानांची तपासणी करते. डॉक्टर नव्हे, माणसाला काचेच्या बंद खोलीत बसवायचं, कानांवर हेडफोन चढवायचे आणि कुठला सूर किती हळू केला की त्याला ऐकू येईनासा होतो ते मोजायचं, हे माझं काम. दिवसभर माझ्यासमोर कमी ऐकणारी माणसं येतात आणि मी त्यांच्याशी ओरडून बोलते. त्यांच्याबरोबर आलेले घरचे लोक माझ्याशी ओरडून बोलतात, कारण तोवर त्यांना तीच सवय लागलेली असते. अशा बाईने संध्याकाळी घरी यावं आणि घड्याळाच्या काट्याचा दुसरा आवाज ऐकत बसावं, याहून मोठी चैन मला सुचत नव्हती. म्हणून शहर जिथे संपतं त्याच्याही पुढे जाऊन आम्ही घर घेतलं. घर माझ्या नावावर आहे, कारण हट्टही माझाच होता.

शहराची बस हमरस्त्यावरच्या पेट्रोलपंपाला वळसा घालून परत जाते. तिथून आत वळलं की आधी गोदामं लागतात, मग नुसतं मोकळं रान, मग पाण्याची टाकी, आणि टाकीच्या पलीकडे आमची गल्ली. चालत आलं तर माणूस घामाघूम होतो आणि अजून किती राहिलं हे विचारायला वाटेत कुणी भेटत नाही. हवा मात्र चांगली आहे. वाळत घातलेले कपडे काळे पडत नाहीत. शेजाऱ्यांची झाडं आपल्या अंगणात सावली पाडतात आणि त्याबद्दल कुणी काही म्हणत नाही. पाहुणे एकतर येतच नाहीत, नाहीतर एवढ्या लांब आल्याचं सार्थक व्हावं म्हणून मुक्काम ठोकतात. दूध संपलं तर गाडी काढावी लागते, आणि दूध घेऊन परत आल्यावर आठवतं की साखरही संपली होती.

शांततेचे म्हणून काही नियम असतात, ते आम्हाला इथे येऊन शिकावे लागले. एका घरात चमचा पडला तर तो स्टीलचा होता की लाकडी, हे तिसऱ्या घरात कळतं. त्यामुळे इथली जोडपी घरात भांडत नाहीत. ती अंगणात उभ्या असलेल्या आपल्या गाडीत जाऊन बसतात, काचा वर करतात आणि तिथे भांडतात. इंजिन बंद, दोघांचीही तोंडं समोर, हात तेवढे हलताना दिसतात. बाजूने जाणारा माणूस अशा वेळी झाडांकडे बघत जातो. याला गल्लीत 'गाडीत बसणं' म्हणतात. शेजारच्या निवृत्त मुख्याध्यापिका, ज्यांना सगळी गल्ली नुसतं 'बाई' म्हणते, एकट्याच राहतात. डोळ्यांच्या ऑपरेशननंतर त्यांनी गाडी चालवणं सोडलं. तरी अधूनमधून त्याही गाडीत जाऊन बसतात, काचा वर करतात आणि बराच वेळ हातवारे करून बोलतात. कुणाला सुनावतात ते विचारायची आमची हिंमत झाली नाही.

आम्हा नवराबायकोला गाडीत बसायला विषय एकच होता. माझे सासरे.

सासऱ्यांनी जन्मभर शहरात बस चालवली, आणि राहिलेही डेपोच्या डोक्यावर. खाली पहाटेपासून बस घरघरायच्या, वर त्यांचा संसार चालायचा. निवृत्त झाल्यावरही त्यांना वेळ कुणाला विचारावी लागली नाही. कुठली बस सुटली त्यावरून ते अंघोळीला उठायचे आणि कुठली परत आली त्यावरून जेवायला बसायचे. आम्ही इथे आलो तेव्हा त्यांनाही बरोबर आणलं. सगळं घर हिंडून बघून ते मला म्हणाले, "सूनबाई, घर झकास आहे. पण सुरू कधी होणार?"

मग त्यांची झोप गेली. आधी दुपारची, नंतर रात्रीची. जेवण निम्म्यावर आलं. फाटकाशी खुर्ची टाकून ते रस्त्याकडे बघत बसायचे आणि रस्त्यावर बघण्यासारखं काही घडायचं नाही. एकदा मांजर आडवं गेलं, तर जेवताना त्यांनी ते कुठून आलं, कुठे थांबलं आणि कुठे गेलं हे सविस्तर सांगितलं. कानाला लावायचं यंत्र मी त्यांना फार आग्रह करून आणून दिलं होतं, न तपासता, असंच, नमुन्याचं. ते त्यांनी दोन दिवस वापरलं आणि मग कपाटात ठेवलं. त्यात त्यांना स्वतःचं चावणं ऐकू यायचं आणि वर्तमानपत्राचं पान उलटलं की पत्रा पडल्यासारखं वाटायचं.

शेवटी त्यांनी जाहीर केलं की ते परत जाणार. जुनं घर आम्ही विकलं नव्हतं, नुसतं कुलूप घातलं होतं. तिथे एकटे राहतील, हाताने करून खातील. आदल्याच वर्षी त्या घरात ते न्हाणीघरात पाय घसरून पडले होते. आम्ही दोघं कामावर होतो. त्यांनी हाका मारल्या, पण खालच्या बसच्या आवाजात त्या कुणालाच ऐकू गेल्या नाहीत, आणि मी संध्याकाळी घरी येईपर्यंत ते तसेच गार फरशीवर पडून होते. ही गोष्ट ते विसरले होते. माझा नवरा विसरला नव्हता.

नवरा त्यांना म्हणायचा, थोडं थांबा बाबा, सवय होईल. मला म्हणायचा, तू सांग त्यांना. मी म्हणायचे, वडील तुझे आहेत. एवढं बोलण्यासाठी आम्ही गाडीत जायचो. सगळ्यांनीच परत जावं, हा तिसरा मार्ग त्याच्या ओठांवर यायचा. मग तो माझ्याकडे बघायचा आणि गाडीच्या काचा खाली करायचा. मी म्हणायचे, उन्हाळा जाऊ दे, मग बघू. उन्हाळा गेला. मग मी म्हणाले, बाहेरचा रंग होऊन जाऊ दे.

माझा नवरा संगणकाचं काम करतो, तेही बरेचदा घरून. कुठलीही अडचण समोर आली की तिच्याबद्दल बोलण्यापेक्षा तिला काहीतरी वायर जोडावी, असा त्याचा स्वभाव. एका शनिवारी तो जुन्या घरी गेला, खिडकीत माइक लावला आणि खालच्या डेपोचा अख्खा दिवस रेकॉर्ड करून आणला. येताना एक भलामोठा स्पीकरही आणला. तो वडिलांच्या खिडकीत मांडला आणि मला म्हणाला, "आवाज किती ठेवायचा ते तू सांग. तुझं खातं."

मला विचारलं याचा मला अभिमान वाटला. जुन्या घराच्या खिडकीत बसचा आवाज किती यायचा हे मी पूर्वीच मोजलेलं होतं; मोजूनच तर तिथून पळाले होते. आधी तेवढाच ठेवला. मग मनात आलं, बाबांचं वय झालं. या वयाला ऐकणं किती कमी होतं याचे तक्ते मला पाठ आहेत. त्या हिशेबाने मी तो आणखी वाढवला. हे करताना दोन गोष्टी माझ्या लक्षात आल्या नाहीत. एक, सासऱ्यांचे कान मी कधी तपासलेच नव्हते. दोन, गल्लीतल्या बाकीच्यांच्या कानांना काहीही झालेलं नव्हतं.

रविवारी दुपारी सासरे गाढ झोपले. नवरा दारातून त्यांच्याकडे बघत उभा राहिला आणि त्याचे डोळे भरून आले. मी खोलीची दारं लावून घेतली आणि घराच्या दुसऱ्या टोकाला पुस्तक घेऊन बसले. सगळं छान झालं होतं.

सोमवारी सकाळी मी कामाला निघाले तर आमच्या कुंपणाच्या कडेला रांग लागली होती.

सगळ्यात पुढे बाई, पर्स छातीशी धरून, हातात छत्री. त्यांच्यामागे कॉलेजला जाणाऱ्या दोघी बहिणी. त्यांच्यामागे पलीकडच्या घरातले गृहस्थ, हातातल्या टोपलीत आजारी मांजर. मी गाडीची काच खाली केली आणि काय झालं म्हणून विचारलं. बाईंनी मला बस सुरू झाल्याची आनंदाची बातमी दिली. कालपासून त्या ऐकत होत्या. ब्रेक लागल्याचा आवाज, दार उघडल्याचा आवाज, लोकांना आत सरकवणारा कंडक्टर. फक्त त्या फाटकापर्यंत येईतो बस निघून गेलेली असायची, म्हणून आज आधीच येऊन थांबल्या होत्या. "इतकी वर्षं अर्ज केले," त्या म्हणाल्या, "आणि बघा, न सांगता सुरू केली. चांगलं काम असं गुपचूप करतात हे माहीत नव्हतं."

मी तोंड उघडणार तेवढ्यात बस आली. म्हणजे, तिचा आवाज आला. दुरून घरघर, मग जवळ, मग ब्रेक, मग दार उघडल्याचा सुस्कारा. रस्ता रिकामा होता. चौघांनी डावीकडे पाहिलं, मग उजवीकडे पाहिलं. टोपलीतलं मांजरसुद्धा कान टवकारून आमच्या खिडकीकडे बघू लागलं. त्या खिडकीतून कंडक्टरचा आवाज आला, "पुढे सरका, पुढे सरका, जागा आहे पुढे." आणि रांग खरोखरच एक पाऊल पुढे सरकली.

मी गाडीतून उतरले आणि सगळं सांगितलं. सांगायला फार शब्द लागत नाहीत, पण ते तोंडातून काढायला लागतात. दोघी बहिणी हसत सुटल्या. मांजरवाले गृहस्थ टोपली घेऊन परत गेले. बाई मात्र छत्रीवर भार देऊन उभ्या राहिल्या. मी त्यांची माफी मागितली, तर म्हणाल्या, "तुम्ही कशाला माफी मागता? नसलेली बस इतकी वेळेवर येते, तर असलेली का येऊ नये, एवढंच मनात आलं."

स्पीकर त्याच दिवशी उतरवला. आणि त्याच आठवड्यात मी सासऱ्यांना माझ्या दवाखान्यात घेऊन गेले, जे मी इथे यायच्या आधीच करायला हवं होतं.

काचेच्या खोलीत ते अगदी ताठ बसले. सूर ऐकू आला की हातातलं बटण दाबायचं, म्हणजे बाहेर माझ्यासमोर दिवा लागतो, असं त्यांना समजावलं. मी काहीच वाजवलेलं नसताना त्यांनी तीनदा बटण दाबलं. मी खोलीत जाऊन विचारलं, काय ऐकू आलं? म्हणाले, "काही नाही. पण तू एवढी वाट बघत होतीस." मी त्यांना पुन्हा समजावलं की इथे माझं मन राखायचं नाही. मग मी माझ्या जागी आले आणि जाड, खालच्या सुरांपासून सुरुवात केली. लगेच दिवा लागला. सूर हळू केला, लागला. आणखी हळू केला, तरी लागला. इतका खालचा सूर इतका हळू असताना माझ्या नवऱ्यालाही ऐकू आला नसता. बसच्या इंजिनाचा आवाज त्याच पट्टीतला असतो. थोडक्यात, तक्ते बघून मी जी बस मोठी केली होती ती मोठी करायची काडीची गरज नव्हती. गल्ली मी फुकट उठवली होती.

मग मी वरच्या सुरांकडे वळले. पाखराच्या शिळेचा, पानांच्या सळसळीचा, पावसाच्या भुरभुरीचा जो सूर असतो तिथे आले, आणि दिवा लागेनासा झाला. मी आवाज वाढवत नेला. काचेपलीकडे सासरे बटणावर अंगठा ठेवून, मान तिरकी करून, फार मन लावून ऐकत होते. दिवा लागला नाही. मी अजून वाढवला. ते माझ्याकडे बघून हसले, म्हणजे आता सुरू कर.

त्या क्षणी मला कळलं की आम्ही एका घरात राहत नव्हतो. मला जी शांतता म्हणून आवडत होती ती मुळी शांतता नव्हतीच. ती बारीक, उंच आवाजांची गर्दी होती. पानं, चिमण्या, नळाचा थेंब, भिंतीवरचं घड्याळ. त्यातलं एकही त्यांच्यापर्यंत पोहोचत नव्हतं. मी त्यांना जिथे आणून ठेवलं होतं तिथे त्यांच्यासाठी काहीही वाजत नव्हतं. नवीन, नीट जुळवलेलं यंत्र दिलं तर थोडा फरक पडण्यासारखा होता, आणि तेही मी दिलं. ते त्यांनी लावलं. म्हणाले, "चिमणी ऐकली. बरी आहे. दिवसभर तेच तेच बोलते."

इकडे बाई आणि सासरे यांची गट्टी जमली. बाईंना अर्ज लिहिता यायचे आणि सासऱ्यांना वाहतूक खात्यात कुणाला भेटायचं ते माहीत होतं. दोघं मिळून टॅक्सीने शहरात जाऊन आले. मग पुन्हा गेले. सासरे आता सकाळी दाढी करून तयार असायचे. घरी येऊन एकेकाच्या नकला करून दाखवायचे, की कुठल्या साहेबाने खुर्चीतून न उठता पाणी विचारलं आणि कुणी पाणी विचारून खुर्ची दिली नाही. त्यांचं जेवण पूर्ववत झालं. मला बरं वाटत होतं, आणि खात्याच्या कारभारावर माझा पूर्ण विश्वास होता की यातून काही निष्पन्न होणार नाही.

खात्याने माझा विश्वासघात केला. चाचणीसाठी बस पाठवतो असं त्यांनी कळवलं.

ती आली त्या सकाळी सगळी गल्ली बाहेर होती. प्रश्न एवढाच होता की बस शेवटी वळणार कुठे. सासऱ्यांनी छातीठोकपणे सांगितलं, पाण्याच्या टाकीपाशी. बरोबर आलेले अधिकारी, हातात मोजपट्टी घेतलेले गंभीर गृहस्थ, म्हणाले की जागा कमी वाटते. सासरे म्हणाले, जन्म गेला या कामात, तुम्ही बाजूला व्हा. ते बसच्या मागे जाऊन उभे राहिले आणि चालकाला हाताने खुणा करू लागले. येऊ द्या, येऊ द्या, अजून येऊ द्या. बस येत गेली. ती दंतवैद्यांच्या मेंदीच्या कुंपणात शिरली आणि तिथेच राहिली.

दंतवैद्य टाकीसमोर राहतात. दिवसभर लोकांच्या दातांवर यंत्र फिरवून त्यांचं डोकं उठतं, म्हणून तेही माझ्यासारखे शांततेसाठी इथे आलेले. ती मेंदी ते स्वतः कात्रीने कापतात, मशीनने नव्हे, कारण मशीनचा आवाज होतो. बस निघेपर्यंत ते पायरीवर बसून होते. सासऱ्यांनी फक्त एवढंच म्हटलं की पूर्वी बस आखूड असायच्या.

मग अधिकाऱ्यांनी शांतपणे गल्लीची दोन्ही टोकं मोजली. बस वळेल एवढा रुंद रस्ता एकाच ठिकाणी होता, आमच्या फाटकासमोर. पण वळताना तिची मागची बाजू आमच्या कुंपणाबाहेरच्या पट्टीवरून जाणार होती. ती पट्टी आमच्या जागेत मोडते, थांब्याचा खांबही तिथेच रोवावा लागणार, म्हणून मालकाची संमती हवी. संमती नसेल तर बस पेट्रोलपंपापाशीच संपेल, जशी आत्ता संपते. मालक कोण, असं त्यांनी विचारलं. सासऱ्यांनी मुलाकडे पाहिलं. नवऱ्याने माझ्याकडे पाहिलं. मग गल्लीने पाहिलं.

"बघते," मी म्हणाले.

पहिली बस पहाटे येणार होती आणि शेवटची रात्री उशिरा. मधल्या वेळात ती प्रत्येक फेरीला इंजिन सुरू ठेवून आमच्या निजायच्या खोलीबाहेर उभी राहणार होती. त्या खोलीत किती आवाज येईल हे मला मोजायचीही गरज नव्हती. ज्या आवाजातून पळून मी इथवर आले होते तोच आवाज मी माझ्या सहीने दारात बोलावून घ्यायचा होता. सासऱ्यांच्या त्या न लागलेल्या दिव्याबद्दल सगळं माहीत असूनही माझी जीभ रेटत नव्हती.

बाई रोज संध्याकाळी कुंपणापाशी येऊ लागल्या. बसचा विषय त्या काढायच्या नाहीत. नुसतं सांगायच्या की आज वाचनालय उघडं असेल, किंवा त्यांची धाकटी बहीण शहरात आजारी आहे, किंवा टॅक्सीवाला आज पण आला नाही. शाळेत मुलांना शिक्षा न करता रडवायची त्यांची ख्याती होती असं नंतर कळलं. दंतवैद्य दुसऱ्या बाजूने यायचे. "वहिनी, तुम्ही एक शब्दही बोलू नका," ते मला खालच्या आवाजात सांगायचे. "नाही म्हटलंत तर वाईट दिसाल. नुसतं बघते म्हणत राहा. खातंच कंटाळेल. मी पेशंटना असंच सांगतो, दाढ काढायची की नाही ते पुढच्या खेपेला ठरवू. निम्मे परत येत नाहीत." मला त्यांचं म्हणणं पटायचं आणि ते पटतंय याची लाज वाटायची.

नवरा मला गाडीत बसायला चल म्हणाला. आम्ही बसलो, काचा वर केल्या.

"तू नाही म्हणालीस तरी मी समजेन," तो म्हणाला.

"मग काय करशील?"

"काही नाही. बाबा जातील. मी रोज रात्री त्यांच्याकडे झोपायला जाईन. सकाळी इथे."

"रोज?"

"रोज. नाहीतर एखाद्या दिवशी पुन्हा ते न्हाणीघरात, आणि आपण इथे पानांचा आवाज ऐकत."

हे तो रागाने बोलला असता तर मला उत्तर देता आलं असतं. तो फक्त हिशेब मांडत होता. बाहेर मांजरवाले गृहस्थ झाडांकडे बघत गेले.

सासऱ्यांनी मात्र खात्यात जाणं थांबवलं. एका दुपारी मी त्यांच्या खोलीत गेले तर ते बॅग भरत होते. ते म्हणाले, "सूनबाई, घर तुझं आहे. आयुष्यभर मी लोकांना त्यांच्या दारात नेऊन सोडलं. कुणाच्या दारात बस घातली नाही. मेंदीचं एक वगळता." रविवारी खात्याची बस पुन्हा यायची होती, संमतीचं काय ते बघायला. त्याच बसने ते शहरात जाणार होते. तिकीट काढणार होते का, असं मी विचारलं. म्हणाले, चाचणीच्या बसला तिकीट नसतं. मग बॅग बंद करत म्हणाले, "एकदा तरी तुझ्या दारातून बसने जातो. पुढे कोण कुठे."

मी रंग पूर्ण होऊ दे म्हणणार होते. रंग पूर्ण झाला होता.

रविवारी सकाळी बस आली. आधी टाकीपलीकडून घरघर ऐकू आली, आणि या वेळी ती खरी आहे हे कळायला सगळ्यांना जरा वेळ लागला. दोघी बहिणींनी आधी आमच्या खिडकीकडे पाहिलं. मग ती वळणावरून दिसली, हळूहळू आली, आमच्या फाटकासमोर आली आणि एका दमात, कुणाच्याही खुणेशिवाय, सुरेख वळली. तिची मागची बाजू आमच्या पट्टीवरून गेली. फाटकाची कडी थरथरली. स्वयंपाकघरातले कप एकमेकांना लागले ते मला बाहेर उभी असतानाही जाणवलं.

बाई चढून पहिल्याच आसनावर बसल्या, पर्स मांडीवर, जणू ती जागा त्यांच्या नावाने राखून ठेवली होती. सासरे बॅग घेऊन चढले आणि चालकाच्या मागे बसले. त्यांनी आसनाच्या लोखंडी दांडीवर हात ठेवला. इंजिन चालू होतं आणि दांडी थरथरत असणार, कारण त्यांचा चेहरा बदलला. गेल्या कित्येक महिन्यांत ऐकू येत असल्यासारखा त्यांचा चेहरा मी पाहिला नव्हता. नवरा फाटकाला टेकून उभा होता. त्याने वडिलांकडे पाहिलं, मग जमिनीकडे. माझ्याकडे पाहिलं नाही.

अधिकारी पायरीवर उभे राहून माझ्याकडे वळले आणि त्यांनी विचारलं की ताई, मग काय ठरलं, हो की नाही, कारण आज रिकाम्या हाताने गेलो तर पुन्हा येणं होणार नाही. मी तोंडाशी आलेलं 'बघते' गिळलं आणि उत्तर दिलं. इंजिनाच्या आवाजात ते त्यांना ऐकू गेलं नाही. त्यांनी कानामागे हात धरला. मी पुन्हा बोलले. त्यांनी मान हलवली, नाही कळलं. दिवसभर बहिऱ्या माणसांशी ओरडणारी मी, माझा आवाज आत्ताच कुठे गेला होता मला माहीत नाही.

मग चालकाने वैतागून किल्ली फिरवली आणि इंजिन बंद केलं.

गल्लीत एकदम सगळं थांबलं. टाकीपाशी दंतवैद्य कात्री हातात धरून उभे होते, तीही थांबली. बसच्या खिडकीत बाईंचा चेहरा होता. आता मी जे काही म्हणेन ते शेवटच्या घरापर्यंत जाणार होतं, आणि ते ऐकलंच नाही असं कुणालाही म्हणता येणार नव्हतं. मी अंग चोरून उभी होते ती सरळ झाले.

"थांबा इथेच करा," मी म्हणाले. "माझ्या फाटकासमोर. पहाटेच्या बससकट. आणि बाबा, तुम्ही बॅग घेऊन खाली उतरा."